‘पुट्टी’चे ‘पुट’शी नाते आहे का?

‘पुट्टी’ हा शब्द आपल्या ‘पुट’ या शब्दावरून आला असावा, हा तर्क वरवर पाहता फारच पटण्यासारखा आहे. पुट म्हणजे थर किंवा लेप. रंगाचे पुट चढते तशी पुट्टीही भिंतीवर थराथराने चढते. शिवाय आयुर्वेदात औषधी द्रव्य शरावसंपुटात, म्हणजे तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या परळांत, बंद करून भाजण्याला पुट देणे म्हणतात, आणि ‘पुट्टी’च्या मुळाशीही एक भांडेच आहे. तरीही हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, कारण ‘पुट’ संस्कृतातून आला आणि ‘पुट्टी’ इंग्रजीतून.

इंग्रजीने तो सतराव्या शतकात फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये ‘पो’ म्हणजे भांडे आणि त्यावरून झालेला ‘पोते’ म्हणजे भांडेभर जिन्नस. (मराठीतल्या पोत्याशी याचा काही संबंध नाही.) कथिल तापवून मिळणाऱ्या पांढऱ्या भुकटीलाही फ्रेंच कारागीर ‘कथिलाची पोते’ म्हणत. ही भुकटी, म्हणजे कथिलाचे ऑक्साइड, काच, धातू आणि रत्ने घासून चकचकीत करण्यासाठी वापरली जाई. म्हणजे इंग्रजीत या शब्दाचा जो एक जुना अर्थ आहे, तो भेगा भरण्याचा नसून घासण्याचा आहे.

हा अर्थ ठाऊक नसेल तर जुना मजकूर वाचताना चांगलीच गफलत होते. न्यूटनने 1704 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये दुर्बिणीचा धातूचा आरसा डांबरासारख्या पदार्थाच्या थरावर पुट्टीने घासल्याचे वर्णन केले आहे, आणि ती पुट्टी त्याने आधी धुऊन तिच्यातले जाडे कण काढून टाकले होते. आज कोणी याचे भाषांतर करताना तेथे ‘लांबी’, म्हणजे भेगा भरण्याच्या पुट्टीचा मराठी शब्द, लिहिला, तर आरशाला लगदा फासल्याचे चित्र उभे राहील. तेथे ‘कथिलाची भुकटी’ असेच म्हटले पाहिजे.

गवंड्यांच्या बोलीत हाच शब्द कळीचा चुना विझवून, गाळून, मुरवून केलेल्या वाळूविरहित मऊ चुन्याला लागला, आणि काचा बसवणाऱ्यांनी तो खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेल्या गोळ्याला लावला. आजची सर्वांत परिचित भिंतीची पुट्टी बहुधा पांढऱ्या सिमेंटची असते, तर गाडीच्या पत्र्यावरचा खड्डा भरणारी पुट्टी हार्डनर मिसळून घट्ट करतात. यांतली प्रत्येक पुट्टी निराळ्या कारणाने कठीण होते: चुन्याची हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, तेलाची ऑक्सिजन घेऊन, सिमेंटची पाण्याशी संयोग होऊन. त्यामुळे ‘पुट्टी म्हणजे अमुक पदार्थ’ अशी व्याख्या टिकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. लावताना मऊ, नंतर कठीण, आणि खोलगट जागा भरून पृष्ठभाग सपाट करणारी ती पुट्टी, एवढेच म्हणता येते.

तेलाच्या पुट्टीचे काम जवळून पाहिले की हा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. कारागीर गोळा तळहातांवर मळून ऊबदार करतो, त्याची वळी करून ती काच आणि लाकडी चौकट यांच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबत जातो, आणि मग पुट्टी ओढायचा पातळ पत्रा तिरका धरून एका दमात ओढतो, म्हणजे पावसाचे पाणी उतारावरून निघून जाते. लाकडाला आधी प्रायमर मारलेला नसेल, तर कोरडे लाकूड पुट्टीतले तेल पिऊन टाकते आणि पुट्टीला तडे जातात.

आता मराठी प्रतिशब्दाकडे वळू. सुतार आणि रंगारी जिला ‘लांबी’ म्हणतात ती हीच, आणि हा शब्द मला मनापासून आवडतो. अडचण एवढीच, की मोजमापाची ‘लांबी’ही तशीच लिहिली जाते, पण ‘भेगांत लांबी भरली’ या वाक्यात घोटाळा होण्याची शक्यता नाही, कारण क्रियापदच अर्थ उघड करते. इंग्रजी उच्चाराला ‘पटी’ जवळचा आहे, परंतु आपल्याकडे पट, पटी आणि पट्टी यांना आधीच आपापले अर्थ असल्याने लिपीवरून आलेला ‘पुट्टी’ रुळला, हे सोयीचेच झाले. संगणकावर काम करणारे ज्या ‘पुट्टी’ नावाच्या प्रोग्रॅमने दूरच्या संगणकाशी जोडले जातात, तिच्या नावाची रोमन अक्षरे तीच असली, तरी त्यांतली शेवटची तीन टेलिटाइप या दूरवर मजकूर छापणाऱ्या जुन्या यंत्राच्या संक्षेपाची आहेत, वस्तू म्हणून तिचा येथे संबंध नाही.

एखादा माणूस दुसऱ्याच्या हातातली पुट्टी आहे, असा इंग्रजी वाक्प्रचार आहे. तो शब्दशः मराठीत आणू नये. आपल्याकडे असा माणूस कोणाच्या तरी मुठीत असतो, किंवा मेणासारखा हवा तसा वळवता येतो, आणि तेवढ्याने अर्थ पूर्ण पोहोचतो.

शब्द स्त्रीलिंगी आहे. भेग असेल तर पुट्टी ‘भरतात’, सबंध भिंत असेल तर ‘लावतात’ किंवा ‘ओढतात’, आणि थराला कारागीर ‘हात’ म्हणतात: पुट्टीचा पहिला हात वाळला की दुसरा, मग पॉलिशपेपरने घासणे, आणि त्यानंतरच रंग.