उद्यानातला वणवा रोखायचा खर्च कुणी करायचा?

रानवाट:
काल इथे एका सदस्याने लिहिलं होतं, "उद्यानाच्या कडेला घर घेताना हिरवाई हवी होती, आता भीती वाटते म्हणून गवत कापायला सगळ्यांचा कर मागता. ज्याचं घर, त्याचा खर्च." खाली अनुमोदनांची रांग. ते वाचून मला रात्रभर झोप नाही, म्हणून सविस्तर उत्तर देते आहे.

कुंपणापलीकडची एक वाळकी फांदी मी तोडली, तर दंड मला होतो. जमीन सार्वजनिक, झाडं सार्वजनिक, मला हात लावायची बंदी. मग तीच फांदी पेटली की जबाबदारी तेवढी माझी, हे कसं?

आणि आग कडेच्या घरापाशी थांबते असं कुणी सांगितलं? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबर १९९१ ला गवताची एक लहानशी आग लागली. ती आटोक्यात आली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी कोरडा वारा सुटला, धुमसणारे निखारे उठले आणि २५ माणसं गेली. सुमारे तीन हजार घरं जळाली. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात २००३ च्या जानेवारीत पाइनची लागवड आणि कोरडं माळरान ओलांडून आग वस्तीत शिरली. चार बळी, पाचशेच्या आसपास घरं. निखारे वाऱ्यावर उडत गेले, ते कुणी कुठे आणि काय बघून घर घेतलं हे विचारत बसले नाहीत.

माझं मुख्य म्हणणं मात्र पुढे आहे. पैसे मिळाले तरी ते एकदाच मिळतात. आग लागते, बातम्या येतात, निधी मंजूर होतो, एका मोसमात रान साफ होतं, फोटो निघतात. पुढच्या पावसानंतर गवत पुन्हा कमरेइतकं. गवत दरवर्षी येतं, तर पैसेही दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवेत, दिवाबत्ती आणि गटारसफाईसारखे. गल्लीतला दिवा कुणाच्या दारासमोर आहे हे बघून आपण वर्गणी काढत नाही.

हिशोबी:
तो प्रतिसाद माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. दिव्याची उपमा लागू होत नाही. दिवा सगळ्यांसाठी असतो, जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला साफ केलेली पट्टी, मात्र ठरावीक पन्नास घरांच्या मागे आखला जातो. मी आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. माझ्या करातून टेकडीवरच्या बंगल्यांची पाठ राखायची?

शिवाय उद्यान साफ करून घरं वाचतात हेच मला मान्य नाही. अमेरिकेच्या वनसेवेत संशोधन केलेले जॅक कोहेन वर्षानुवर्षं हेच सांगत आले की घर पेटणार की नाही हे घर स्वतः आणि त्याभोवतीचे तीसेक मीटर ठरवतात. पन्हळीत साचलेला पाला, झरोक्याची मोठ्या भोकांची जाळी, भिंतीला टेकवून रचलेली लाकडं. ते मालकाने करायचं काम आहे. पोर्तुगालमध्ये घराभोवतीचे पन्नास मीटर साफ ठेवणं जमीनमालकाचं कर्तव्य आहे. २०१७ च्या पेद्रोगाओ ग्रांदेच्या आगीत ६६ माणसं गेल्यावर तिथे त्याची अंमलबजावणी कडक झाली.

रानवाट:
जमीनमालकाचं कर्तव्य, हे तुम्हीच लिहिलंत. उद्यानाची जमीनमालक पालिका आहे. मग तिने तिच्या हद्दीतलं साफ करावं, मी माझ्या हद्दीतलं करते. पन्हळीतला पाला मी दर महिन्याला स्वतः शिडीवर चढून काढते.

आणि पेद्रोगाओ ग्रांदेचं उदाहरण दिलंत तर तेही पूर्ण द्या. तिथले कितीतरी लोक रस्त्यावर, गाड्यांत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेटणारं रान होतं. रस्ता कुणा एकाचा नसतो.

सावलीवाला:
रान साफ करण्याच्या नावाखाली पहिली कुऱ्हाड निलगिरीवर पडते, आणि हा सगळा निधी शेवटी झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराकडे जातो. ओकलंडमध्ये आग सुरू झाली गवतात, हे वर तुम्हीच लिहिलंय. पण बदनाम झाली तिथली निलगिरी. मोठी झाडं तोडली की जमिनीवर ऊन पडतं, आणि त्या उन्हात काय उगवतं? तेच गवत आणि झुडपं, जी सगळ्यात आधी पेटतात.

चकमक:
सावलीवाला, निलगिरीखाली कधी उभे राहिलात का उन्हाळ्यात? सालीच्या लांब पट्ट्या लोंबत असतात, खाली गुडघाभर पाचोळा, पानात तेल. पेटलेली साल वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडते आणि तिथे नवी आग लागते. मी बारा वर्षं आग विझवायला जाणाऱ्या तुकडीत होतो. गवताची आग झोडपून विझवता येते. निलगिरीचा शेंडा पेटला की आम्ही मागे हटायचो. एकदा माझा सोबती हटला नाही. त्याच्या दोन्ही हातांवर अजून व्रण आहेत.

सावलीवाला:
तुमच्या सोबत्याबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण त्यावरून सरसकट तोड कशी ठरते? कॅलिफोर्नियात मोनार्क फुलपाखरं हिवाळ्यात याच झाडांवर मुक्कामाला असतात. ओकलंड-बर्कलेच्या टेकड्यांवरची तोड रहिवाशांनी कोर्टात अडवली आणि २०१६ मध्ये फेमाने, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, त्या तोडीचा निधी मागे घेतला. ते सगळे लोक वेडे होते का?

चकमक:
वेडे नव्हते, पण त्यांच्यापैकी कितीजणांनी पाइप धरला होता?

पाणवठा:
दोघेही जरा थांबा. मी एका उद्यानात माळीकाम बघायचे. निलगिरी नुसती तोडून काही होत नाही, बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात आणि दोन-तीन वर्षांत एका खोडाची पाच होतात. मग बुंध्यावर तणनाशक लावतात, आणि त्यावरून वेगळं भांडण. आम्ही झाडं ठेवली. खालच्या फांद्या छाटल्या, साल आणि पाचोळा दरवर्षी उचलला. जमिनीला टेकलेल्या फांद्या नसतील तर आगीला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळत नाही.

चौथ्या वर्षी माणसं कमी केली. पाचव्या वर्षी पाचोळा होता तिथेच.

सावलीवाला:
हे मला चालेल. छाटणी चालेल, पाचोळा उचलणंही चालेल. तोड नाही. आणि वाळलेली उभी खोडंही सगळी काढू नका, त्यात घुबडं राहतात.

चकमक:
वाटेपासून आणि घरांपासून लांबचं खोड ठेवा, माझी हरकत नाही. कुंपणालगतचं मी ठेवू देणार नाही. निलगिरी वाईट झाड आहे हे माझं मत बदललेलं नाही.

कोरडवाहू:
निलगिरीवर अर्धा धागा गेला. मूळ प्रश्न पैशाचा होता ना? आमच्याकडे पैसे आले होते. ठेकेदाराने भर उन्हाळ्यात, भर दुपारी गवत कापलं आणि ढीग कुंपणाला लावून निघून गेला. उभ्या हिरवट गवतापेक्षा ते वाळलेले ढीग जास्त धोक्याचे. कापताना यंत्राचं पातं दगडावर घासलं, ठिणगी उडाली आणि तिथेच पेटलं. माझ्या वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी बादल्यांनी विझवलं. वडील तेव्हा सत्तरीचे होते. दोन दिवस खोकत होते. सार्वजनिक पैसा म्हटलं की मला ते ढीग आठवतात.

रानवाट:
तुमचा राग समजतो. गवत सकाळी लवकर, दव असताना कापायचं आणि त्याच दिवशी उचलायचं, ही अट कामाच्या करारातच हवी. पण ठेकेदाराने वाईट काम केलं म्हणून कामच नको, हे मी मानणार नाही. रस्त्याला खड्डे पडले म्हणून रस्ते बंद करत नाही.

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय बांधकामशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार आपत्ती येण्याआधी खर्च केलेला एक डॉलर पुढचं सहा डॉलरचं नुकसान वाचवतो.

हिशोबी:
आकडा अर्धवट दिलात. सहा हा सगळ्या आपत्तींचा एकत्रित आकडा, त्यात पूरही आला आणि भूकंपही. त्याच अभ्यासात वणव्यासाठी एकास तीन आहे. लोकांकडून कर मागायचा तर आकडा तरी नेमका द्या.

रानवाट:
बरोबर आहे, चूक माझी. तीन. पण एकाचे तीन होत असतील तर विरोध कशाला, हे आता तुम्ही सांगा.

हिशोबी:
विरोध कशाला ते सांगतो. माझ्या बहिणीचं घर टेकडीखाली आहे. गेल्या उन्हाळ्यात रात्री दोनला तिला दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन बाहेर पडावं लागलं. घर वाचलं. ते वाचलं कारण मेहुण्यांनी आदल्याच महिन्यात स्वतःच्या खर्चाने झरोक्यांना बारीक जाळी लावली होती. उद्यान तेव्हाही साफ नव्हतं. म्हणून मला वाटतं पैसे आधी घरांना द्या, विशेषतः ज्यांना जाळीही परवडत नाही त्यांना.

पाणवठा:
मेहुण्यांनी जाळी लावली म्हणून घर वाचलं, मान्य. पण रात्री दोनला बाहेर पडावं लागलं, ते उद्यान साफ नव्हतं म्हणून. घर उभं राहिलं तरी सासूबाईंच्या छातीत गेलेला धूर परत येत नाही.

हिशोबी:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. ठीक आहे, दरवर्षीच्या तरतुदीला माझा विरोध मागे, तीन अटींवर. कुठलं रान कधी कापलं आणि कितीला, याची यादी उद्यानाच्या फाटकावर लागली पाहिजे. कोरडवाहूंनी सांगितले तसे ढीग दिसले तर बिल थांबलं पाहिजे. आणि निधीतला काही भाग गरजू घरांच्या जाळ्यांसाठी वेगळा हवा. कडेच्या घरमालकांनी काहीच जादा भरू नये हे मला अजूनही पटलेलं नाही.

रानवाट:
पहिल्या दोन अटी मी स्वतः पालिकेच्या अर्जात लिहीन. तिसरी मला सुचायला हवी होती. जादा भरण्याचं म्हणाल तर मी भरेन, पण मग कुंपणापलीकडची वाळकी फांदी तोडायची परवानगीही त्याच पावतीवर द्या.

सावलीवाला:
अर्जात "छाटणी" असं स्पष्ट लिहा, "झाडे काढणे" नको. मसुदा आधी इथे टाका.

चकमक:
आणि कुंपणालगतची वाळकी खोडं त्यात घाला. ती राहिली तर माझी सही नाही.