चौघं बोटीत बसतील, पण म्हशीचं काय करू?

पेठेतली बाई

नमस्कार. मी कोल्हापुरात शाळेत मराठी शिकवते आणि सध्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक साहसकथा लिहिते आहे. बरीच पुढे गेली आहे, पण एका जागी अडले आहे.

कथेत चौघं आहेत. गौरी, तन्मय, सलमान आणि सगळ्यांत धाकटी बारकी. पाचवी चंद्री, बारकीच्या आजोबांची पंढरपुरी म्हैस. कपाळावर चांद, शिंगं मागे खांद्यापर्यंत गेलेली. कुत्रं का नाही, असं मला प्रत्येकाने विचारलं. एका मैत्रिणीने कारवान सुचवलं, कारण आपल्या भागात मुधोळची कुत्री पाळणारे पुष्कळ. कारवान मलाही आवडतं. पण ते नजरेवर पळणारं शिकारी कुत्रं आहे. त्याला जमीन हुंगत चोराचा माग काढायला लावलं तर खेड्यातली पोरंसुद्धा पुस्तक मिटतील. शिवाय मुलांच्या टोळीत कुत्रं आलं की ते काय करणार हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. भुंकणार, दोरी कुरतडणार, चोराची पँट धरणार. म्हैस असलं काही करत नाही. तिला तिची वैरण, तिचं डुंबणं, तिची धारेची वेळ. तपास तिच्या वेळेत बसवावा लागतो. संध्याकाळच्या धारेच्या आत तिला गोठ्यात आणायची म्हणून चौघं एक पाठलाग अर्धवट सोडतात, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडतं.

कथा सुरूही तिच्यामुळेच होते. आजोबांचा गोठा प्रयाग चिखलीत, संगमाजवळ. रोज पाणी दिसलं की धावत सुटणारी चंद्री एका सकाळी काठावर थांबते आणि पाय आत घालत नाही. आजोबा चुचकारतात, बारकी मागून ढकलते. पाणी दिसायला कालच्यासारखंच. दुसऱ्या दिवशी मासे उलटे होऊन वर येतात. रात्री कोणीतरी टँकर आणून ओढ्यात रिकामा करतंय, हे चौघं नंतर शोधून काढतात. पण पहिल्यांदा कळलं ते चंद्रीला, आणि तिला सांगता येत नव्हतं. टोळीतल्या जनावराची जागा मला इथे दिसते. त्याला आधी कळतं आणि बोलता येत नाही. मधलं अंतर मुलांनी तोडायचं.

आता अडचण. शेवटचा भाग महापुराचा आहे, २०१९ मनात ठेवून लिहिलेला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे आपल्याकडे शाळकरी मुलांना पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. चौघं चिखलीत माडीवर अडकलेत, चंद्री शेजारच्या उंच जोत्यावर गुडघाभर पाण्यात उभी. बोट येते. बोटीत माणसं बसतात, म्हैस बसत नाही. बारकी हलायला तयार नाही.

माझ्या ओळखीच्या एका संपादकांचं म्हणणं, चंद्रीला पुरात जाऊ द्या, मुलं रडतील, पुस्तक लक्षात राहील. मला ते मुळीच मान्य नाही. चंद्री सबंध पुस्तकभर कोणासाठी तरी राबलेली नाही, ती त्यांच्याबरोबर राहिली आहे. शेवटी तिला रडवण्यासाठी वापरून घेतलं तर मी तिला तेवढ्याचसाठी आणलं होतं असं होईल. पण मान्य नाही एवढं म्हणून पान पुढे सरकत नाही. त्या माडीवर नेमकं काय घडावं? असा पेच कुठे नीट सुटलेला वाचला असेल तर सांगा.

ओवी आणि श्लोक

बाई, हा पेच आपल्याकडे फार जुना आहे. महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. हस्तिनापुरातून पाच भाऊ आणि द्रौपदी निघतात, तिथे व्यास म्हणतात, ‘श्वा चैव सप्तमः’. कुत्रा सातवा. म्हणजे त्याला मोजलेलं आहे. वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर एकासाठीही मागे फिरत नाही. पण इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोड म्हणतो, तेव्हा मात्र तो अडून बसतो. इंद्र नेमकं तुमच्या संपादकांसारखं विचारतो, भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग या कुत्र्याचं काय एवढं? युधिष्ठिराचं उत्तर सरळ आहे. ते मेले होते, त्यांना परत उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आला आहे.

तुमच्या बारकीला हेच म्हणू द्या, तिच्या भाषेत. फक्त महाभारतात तो कुत्रा शेवटी धर्म निघतो, ती सोय तुम्ही घेऊ नका. चंद्री म्हैसच राहू दे.

दुसरं, तुम्ही नरसोबाच्या वाडीला जात असालच. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आणि मागे गाय. कुत्री म्हणजे चार वेद असं सांगतात. ते असू दे, पण ती कुत्री आणि गाय काढून चित्र डोळ्यांपुढे आणा. चित्र अपुरं वाटेल. चंद्रीचं चौघांत तसं व्हायला हवं.

गंगावेस कट्टा

ताई, आमचं घर गवळ्याचं, तवा म्हशीचं मी सांगतो, बाकीचं तुमी बघा.

म्हशीला पोहायला येतं आनि चांगलं येतं. पुरात म्हस जाती ती पान्यानं कमी, दाव्यानं जास्त. खुट्ट्याला बांधल्याली ऱ्हायली की संपलं. म्हनून तुमच्या म्हाताऱ्यानं दावं कधी सोडलं ह्यावर सगळं हाय. आनि खरा गवळी आसंल तर त्यो पानी शिरायच्या आधीच जनावरं उंचावर हलवनार, घरातली भांडीकुंडी ऱ्हायली तरी चालतील. २०१९ ला किती माणसं ‘जनावरं सोडून येत न्हाई’ म्हनून बसली हुती, कुनालाबी इचारा. तवा एकटी चंद्रीच मागं का ऱ्हायली ह्याला कारन पायजे. न्हाईतर आमची मानसं पुस्तक वाचून म्हनतील, ह्या म्हाताऱ्याला म्हशी पाळायची अक्कल न्हवती. एक सुचतंय. बाकीची जनावरं घिऊन म्हातारा आदल्या राती गेला, आनि चंद्रीचं रेडकू आजारी, उठंना. रेडकू सोडून म्हस हलत न्हाई. म्हातारा सकाळी परत येनार हुता, तवर रस्ता बुडाला.

दुसरं आवाजाचं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी पळवत्यात ते बघितलं आसंल. शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून, मालक सायलेन्सर काढल्याली गाडी घिऊन पुढं आनि म्हस मागं. तितं गर्दी किती, गाड्या किती, हलगी किती. पन म्हस आपल्याच गाडीमागं पळती. ते एका दिसात हुत न्हाई. वरीसभर तिला त्यो आवाज, ती हाक ठावं आसती. दुधाच्या कट्ट्यावर, जितं गिऱ्हाइकापुढंच धार काढत्यात, तितं बी तसंच. आमची पंढरपुरी म्हस गिऱ्हाईक आलं की थोडं थोडं दूध देती, परत परत पान्हा सोडती. पन कुनाला? हात वळखीचा पायजे.

तवा म्हस बोटीत घालू नगा. रेडकू बोटीत घाला. बारकीला त्याच्यापाशी बसवा आनि चंद्रीला हाक मारू द्या. दावं सोडल्याली म्हस रेडकाच्या वासानं आनि हाकंनं पान्यात उतरंल, बोटीमागनं यील. नदीच्या धारंत न्हाई हं, तितं म्हस बी वाहून जाती. गल्लीतल्या थांबल्याल्या पान्यातनं. आनि बोट वल्ह्यावर. इंजिन लावलं की बिचकंल.

पेठेतली बाई

गंगावेस कट्टा, तुम्ही मला कथेचा कणाच दिलात. रेडकाचा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि आता त्याच्याशिवाय तो प्रसंग दिसतच नाही. म्हाताऱ्याची अब्रूही राहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजोबा हा माझा या पुस्तकातला सर्वांत लाडका माणूस आहे.

ओवी आणि श्लोक, ‘जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आला आहे’ हे बारकीच्या तोंडी जसंच्या तसं शोभणार नाही, ती दुसरीत आहे. पण ती ‘चंद्रीला माहितीय मी इथं हाय’ असं म्हणू शकेल. तेवढं पुरे.

पान दुमडू नका

उशिरा लिहिते आहे. इंग्रजीतल्या दोन जनावरांची आठवण झाली.

एनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्हमध्ये मुलं चारच. पाचवा टिमी, कुत्रा. १९४२ ते १९६३ या काळात एकवीस पुस्तकं आली आणि शेवटपर्यंत आकडा पाचच राहिला. पण मला त्याचे पराक्रम आठवत नाहीत. आठवतं ते पहिल्या पुस्तकातलं. जॉर्ज नावाच्या मुलीला टिमी घरी ठेवू देत नाहीत, म्हणून एक कोळ्याचा मुलगा त्याला सांभाळतो आणि ती आपले खाऊचे सगळे पैसे त्या मुलाला देते. त्यामुळे भावंडांबरोबर आइस्क्रीम खायचं तिने सोडलेलं असतं. कुत्र्यावर जीव आहे, असं लेखिकेने नुसतं सांगितलं असतं तर मी कधीच विसरले असते. चंद्रीसाठी चौघं काय सोडतात? तो पाठलाग सोडला ते उत्तम. पण प्रत्येकाचं वेगवेगळं काहीतरी जाऊ द्या. सलमानची क्रिकेटची मॅच, गौरीचा क्लास, असं.

दुसरं टोल्किनचं. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये बिल नावाचं तट्टू आहे. ब्री गावात एका दुष्ट माणसाकडून बारा चांदीच्या नाण्यांना घेतलेलं, उपाशी, हाडं वर आलेलं. सगळ्या मंडळींचं ओझं वाहतं. पुढे मोरियाच्या दारात पोचल्यावर ते आत नेता येत नाही. हा तुमचाच प्रसंग, बोटीऐवजी गुहा. सॅम रडतो, चिडतो. तेवढ्यात तळ्यातून हल्ला होतो, तट्टू उधळतं आणि अंधारात नाहीसं होतं. कित्येक प्रकरणं त्याचं नाव नाही. सगळं संपल्यावर परतीच्या वाटेवर ब्रीमध्ये कळतं, ते आपलं आपण घरी आलंय. मी ते वाचलं तेव्हा राजे-महाराजांचं काय झालं यापेक्षा मला त्या तट्टूचा आनंद जास्त झाला होता. कारण ते कोणी वाचवलं नव्हतं. त्याला वाट ठाऊक होती.

म्हणून गवळीदादांशी माझा थोडा मतभेद आहे. रेडकू बोटीत आणि म्हैस मागे, हे छान जमतं, पण लगेच सुटतं. मधे एक रात्र जाऊ द्या. नदीच्या धारेपाशी बोट वळवावी लागते, चंद्री मागे दिसेनाशी होते. मुलं छावणीत, रेडकू बाटलीवर. दुसऱ्या दिवशी ती हायवेवर सापडते. वाचणाऱ्या मुलाला एक रात्र काळजी करू द्या.

कळंब्याचा वाचक

मी थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका. पूरभागातल्या मुलांनी मेलेली जनावरं पाहिली आहेत. माझ्या भाच्याने पाहिली. पाणी उतरल्यावर गल्लीतला तो वास त्याला अजून आठवतो. अशा मुलाच्या हातात पुस्तक द्यायचं आणि त्यात सगळी जनावरं सुखरूप, हे त्याला खोटं वाटेल. चंद्री मेली पाहिजे असं मी म्हणत नाही. पण पुरात काहीच गेलं नाही, असं करू नका.

पेठेतली बाई

राग कसला, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. काही जाईल. शेजारच्या घरची दोन जनावरं दाव्याला बांधलेली राहिली, कारण ते घर परगावी लग्नाला गेलं होतं. सलमान ती माडीवरून पाहतो आणि त्याला काही करता येत नाही. तन्मय त्याच्याजवळ बसून राहतो. हा प्रसंग मी लिहीन आणि गुळगुळीत करणार नाही. तुमच्या भाच्याने वाचावं असं मला वाटतं.

पान दुमडू नका, तुमची रात्र मी घेते. पण हायवेवर नुसती ‘सापडते’ असं करणार नाही. छावणीबाहेर हजारभर जनावरं, सगळी चिखलाने सारख्याच रंगाची, कपाळावरचा चांद दिसत नाही. मुलं शिंगांवरून शोधायला बघतात, पण पंढरपुरी म्हशी तिथे ढिगाने आहेत. शेवटी आजोबा गाडी काढतात आणि सुरू करतात. नांदणीच्या मठातली हत्तीण गुजरातला नेली, तेव्हा तिच्यासाठी सगळा जिल्हा रस्त्यावर उतरलेला आपण पाहिला. जनावर आपलं असतं म्हणजे काय, हे इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे त्या जागी मी एकही भावनेचं वाक्य लिहिणार नाही. गाडीचा आवाज, आणि गर्दीतून एक म्हैस चालू लागते.

गंगावेस कट्टा

हे झ्याक जमलं. दोन दुरुस्त्या तेवढ्या करा. गाडी पुरात बुडाली नसंल तर म्हातारा ती आदल्या राती संगं घिऊन गेल्ता, हे आधी येऊ द्या. आनि सापडल्या सापडल्या धार काढून दूध वाटलं, असं अजिबात लिहू नगा. घाबरल्याली म्हस पान्हा चोरती. आधी रेडकू लावा तिला. चार दिस गेलं की मग म्हाताऱ्याला बसू द्या धारंला.

अजून एक. ती गाडी आनि ती हाक पयल्या प्रकरनातच येऊ द्या, रोजची म्हनून. मदे पाडवा बी येऊ द्या. शेवटाला एकदम काडली तर वाचनाऱ्या पोराला वाटंल, बाईनं खिशातनं काडली.

पेठेतली बाई

पहिलं प्रकरण परत उघडते आहे. काठावर चंद्री थांबते, तिथेच आजोबांची हाक घालते. गवळी धारेच्या वेळी म्हशीला हाक मारतात ती कशी असते, तेवढं इथे लिहून पाठवाल का? अक्षरात पकडायचा प्रयत्न करीन.

गंगावेस कट्टा

लिवून न्हाई जमायचं ताई. संध्याकाळी कट्ट्यावर या, ऐकवतो. येताना तांब्या आना.