मदत हवी आहे: घरात सगळेच मैदानावर, प्रोटीन पुरत नाही. पावडर आणावी का?

वडगावची

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. प्रोटीन पावडर घरात आणावी की नको, यावर दुकानदार आणि जिमवाले सोडून दुसऱ्या कुणाचं तरी मत हवं आहे.

मोठा मुलगा १९ वर्षांचा, वजन ५८ किलो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आपल्याच गावात, त्यामुळे लहानपणापासून डोक्यात फौज. पहाटे व्हॅक्सिन डेपोवर १६०० मीटरची तयारी, संध्याकाळी पुलअप्स. मुलगी १४ वर्षांची, ४४ किलो, ज्युदो खेळते. यांचा दिवस मागावर उभ्याने जातो आणि रविवारी यळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत धावणं असतं. वजन ७२. मी सकाळी योगासनं करते. सासूबाई सत्तरीच्या, माळकरी आहेत. घरात अंडं चालतं, पण मागच्या पडवीतल्या वेगळ्या शेगडीवर. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि अख्खा श्रावण तेही नाही.

मुलाच्या ताटातल्या प्रोटीनचा हिशेब मांडून बघितला. ज्वारीच्या चार भाकरी म्हणजे साधारण २४ ग्रॅम, दोन वाट्या आमटी १०, दोन पेले दूध १३, भात ६. झाले ५३ ग्रॅम. अंड्याच्या दिवशी तीन अंड्यांचे १८ वाढतात. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं वाचलं, त्या मापाने त्याला ४८ लागतात, म्हणजे ठीक. पण खेळणाऱ्याला १.२ ते २ लागतं असंही सगळीकडे सांगतात. १.६ धरलं तरी ९३ होतात. मग निम्मंच पोटात जातंय की!

मुलगा ज्या जिममध्ये जातो तिथल्या ट्रेनरने सुट्टी पावडर पिशवीत भरून देऊ केली होती. मी घेतली नाही. कॅम्पातल्या दुकानात एक किलोचा डबा अडीच हजारांच्या पुढे सांगितला. तो सगळ्या घराने घ्यायचा तर महिनाभरही टिकणार नाही.

व्हे प्रोटीन माळकरी माणसाच्या घरात चालतं का? १४ वर्षांच्या मुलीला द्यावं का? आणि सासूबाईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा) मागच्या तपासणीत १.४ म्हणजे वाढलेलं आलं होतं, त्यांना अशक्तपणा वाटतो म्हणून मुलगा त्यांनाही एक स्कूप द्या म्हणतो. मला धीर होत नाही.

निपाणीची सून

ताई, माझा व्यवसाय आहारतज्ज्ञाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सासूबाईंचं आधी. त्यांना पावडर मुळीच देऊ नका. क्रिएटिनिन वाढलेलं असताना किती प्रोटीन द्यायचं हे त्यांचे डॉक्टर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं तो आकडा, बघून ठरवतील. मूत्रपिंड चांगलं असलेल्या माणसाला जास्त प्रोटीनने अपाय झाल्याचा ठोस पुरावा नाही, पण ज्यांचं आधीच दुखावलं आहे त्यांची गोष्ट वेगळी. अशक्तपणाचं कारण रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ असंही असू शकतं. ते आधी तपासा.

आता मुलगा. तुमचा हिशेब बरोबर आहे. पण त्याला एकूण जेवण तरी पुरतंय का, हे कुणी बघितलं आहे का? पोटात उष्मांकच कमी गेले तर शरीर प्रोटीनही जळणासारखं वापरून टाकतं. पहाटे रिकाम्या पोटी धावून, एक चहा-खारी खाऊन कॉलेजला पळणारी मुलं मी रोज बघते. अशाला पावडर दिली तर ती महागडं जळण ठरते. धावून आल्यावर तासाभरात भरपेट न्याहारी, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

आपल्या भागात न्याहारी म्हणजे उप्पीट नाहीतर पोहे, आणि खरी उणीव तिथेच आहे. ६० ग्रॅम बेसनाचा झुणका केला तर त्यात १२-१३ ग्रॅम प्रोटीन येतं, सोबत दोन भाकरी म्हणजे २५ झाले. पन्नास ग्रॅम मटकी भिजवून मोड आणून उसळ केली की आणखी ११-१२. हुलगे तर आपल्याकडे घरोघरी असतात, शंभर ग्रॅमला २०-२२ ग्रॅम प्रोटीन. हुलग्याचं माडगं थंडीत मुलांना आवडतंही. चाळीस ग्रॅम डाळं दळून ताकात जिरं-मीठ घालून ढवळलं की ८-९ ग्रॅम, आणि मैदानावर बाटलीतून नेता येतं. सोयाबीनच्या वड्या सगळ्यांत स्वस्त: शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर. चाळीस ग्रॅमची भाजी केली की २० मिळाले. "सोयाने पोरांचे हार्मोन बिघडतात" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, रोजच्या जेवणातल्या प्रमाणाने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होत नाही हे अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे.

शेंगदाण्यात शंभरला २५ ग्रॅम असतं हे खरं, पण सोबत साडेपाचशेच्या वर उष्मांक. मुलाला मूठभर खुशाल द्या. तुम्ही-आम्ही मात्र चटणीपुरतंच.

भाकरीतल्या प्रोटीनमध्ये लायसिन (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल) कमी पडतं, ते डाळी-कडधान्यं भरून काढतात. म्हणून आमटी पातळ नको. वाटीभर पाण्यात डाळ शोधावी लागते ती आमटी प्रोटीनच्या हिशेबात धरूच नका.

कंग्राळीचा पैलवान

ताई, मी तालमीत पोरं शिकवतो. आमच्या वेळी दूध, तूप, बदामाची थंडाई एवढंच. आता पोरं डबा घेऊन येतात. डब्याला माझा विरोध नाय, पण सुट्टी पावडर घेतली नाही हे लई चांगलं केलंसा. मी पोरांना तेच सांगूलालोय कधीपासनं.

मुलगी ज्युदो खेळते म्हणून एक गोष्ट जीव तोडून सांगतो. ती पुढं राज्य, राष्ट्रीय पातळीवर गेली तर नाडाची, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक औषधांसाठी तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, चाचणी होऊ शकते. पावडरीत बंदी असलेलं औषध मिसळलेलं निघालं आणि डब्यावर त्याचं नाव नसलं, तरी शिक्षा खेळाडूलाच होते. "मला माहीत नव्हतं" हे चालत नाय. आणि वजनगटासाठी तिला उपाशी ठेवूलालेत का ते बघा. वजन करायच्या आदल्या रात्री जेवण सोडायची खोड पोरींना लवकर लागते. १४ वर्षं म्हणजे हाडं वाढायचं वय हाय.

वडगावची

दोघांचे मनापासून आभार. मुलीबद्दल दादांनी लिहिलंय ते वाचून मी तिला विचारलं. स्पर्धेआधी ती रात्रीची भाकरी टाळते, हे आम्हाला कळलंच नव्हतं. कोचशी बोलणार आहे.

सासूबाईंचा डबा रद्द. झुणका-भाकर सकाळी करणं जमेल. एकच अडचण राहते. मुलगा धावून घरी न येता तसाच बसने कॉलेजला जातो, दुपारी एकपर्यंत पोटात काही नसतं. श्रावणात अंडीही नसतात. अशा दिवशी त्याच्यापुरता एक स्कूप ठेवला तर? आणि माळेचा प्रश्न राहिलाच.

निपाणीची सून

त्याच्यापुरतं चालेल. प्रौढ आहे, मेहनत आहे, मूत्रपिंडाचा त्रास नाही. फक्त जेवणाच्या जागी नको. डाळ्याचं ताक आणि दोन केळी बाटली-डब्यात दिली तर तेवढंच काम होतं आणि महिन्याचे दोन हजार वाचतात, पण कधी घाई झाली तर पावडर हाताशी असू द्या. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच म्हटलं आहे, त्यामुळे ती रोजची सवय होऊ देऊ नका. मुलीला तर मुळीच नको. तिला दूध, कडधान्य, अंडं आणि पोटभर जेवण.

घेताना डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, आणि बाहेरच्या देशातला माल असेल तर आयातदाराचं नाव बघा. शंभर ग्रॅममागे प्रोटीन किती ते वाचा: कॉन्सन्ट्रेट (कमी गाळलेली व्हे) असेल तर साधारण ७० ते ८०, आयसोलेट (जास्त शुद्ध केलेली) असेल तर ९० च्या आसपास. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर तो डबा ठेवून द्या. स्वस्त अमिनो आम्लं घालून तपासणीत प्रोटीनचा आकडा फुगवता येतो. दुधाने पोट फुगत असेल तर आयसोलेट बरं, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फार थोडं असतं. चॉकलेटी माल्टच्या डब्यांना प्रोटीन समजू नका, त्यात साखरच जास्त.

माळेचं: व्हे म्हणजे चीज किंवा पनीर करताना दुधाचं जे पाणी सुटतं, त्यातलं प्रोटीन. चीजसाठी दूध फाडायला काही ठिकाणी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, काही ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून केलेलं. म्हणून डब्यावर हिरवा ठिपका असेल तरच आणा. आणि सासूबाईंना ठिपका दाखवून, नीट समजावून सांगा. त्यांचं समाधान झालं नाही तर शेकर आणि चमचा पडवीतल्या अंड्याच्या भांड्यांसोबत ठेवा. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला की इथे लिहा, त्यांच्यापुरतं जेवणात काय बदलता येईल ते डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावरून मांडून देते.