एनएसटीची (पोटातल्या बाळाचे ठोके बघायच्या तपासणीची) रेघ सपाट आली म्हणून लगेच सिझेरियन?

मालाडची मावशी:
भाचीला ३८वा आठवडा. मंगळवारी उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये नेहमीच्या तपासणीला गेलो. पोटाला दोन पट्टे बांधले, हातात बटण दिलं, बाळ हललं की दाबायचं. वीस मिनिटांत बटण एकदाही दाबलं गेलं नाही. ठोके १३५, रेघ जवळजवळ सरळ. डॉक्टरबाई आल्या, कागद टर्रकन फाडला, "नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आहे, संध्याकाळी सिझर करून टाकू." पोरगी सकाळपासून एका चहावर! मी हट्ट धरला. दोन इडल्या खायला घातल्या, डाव्या कुशीवर झोपवलं, परत लावा म्हटलं. थोड्या वेळाने बाळाने अशी ढुशी मारली की पट्टाच सरकला. ठोके १५५वर, मग पुन्हा एकदा. झोपलेल्या बाळाची रेघ बघून पोट कापायचं का?

रात्रपाळी सिस्टर:
लेबर रूममध्ये २२ वर्षं काढलीत. मावशी, हट्ट बरोबर, कारण चूक. इडलीने ग्राफ सुधारत नाही, ते तपासून झालंय. वेळ गेला, बाळ जागं झालं. पोटातलं बाळ २० ते ४० मिनिटं गाढ झोपतं, म्हणूनच पट्टा ४० मिनिटं ठेवायचा असतो. त्यात कुठल्याही वीस मिनिटांत ठोके दोनदा, १५ने वर जाऊन १५ सेकंद टिकले की रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे ठीक. इथे घाई झाली, मान्य. पण हे वाचून उद्या कोणी "झोपलं असेल" म्हणून घरी बसली तर?

लोकलमधला लटकंत्या:
घाई नाही, धंदा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने, सरकारीत १४.३. सतत हे ठोक्यांचं मशीन लावून नवजात बाळांच्या झटक्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं, पण मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेने येणारं अपंगत्व) कमी झाल्याचं दिसत नाही. वाढतात ती सिझेरियनं. निरोगी बाईला कळा सुरू होऊन दाखल होताना सरसकट मशीन लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्येच सांगितलंय.

रात्रपाळी सिस्टर:
तुमचा मशीनचा हिशेब कळा सुरू झाल्यावरचा आहे. मावशींच्या भाचीला कळाच नव्हत्या. खिचडी करू नका. आणि कळांतला ग्राफ मी रोज बघते. कळेबरोबर ठोके उतरले, कळेबरोबरच वर आले, तर बहुतेकदा डोकं दाबलं जातंय, चालतं. कळ पुढे सरकल्यावर उतरायला लागले आणि ती ओसरली तरी वर येत नाहीत, दर कळेला तसंच, तर वारेतून पुरवठा कमी पडतोय का, ही शंका. त्यात रेघही सपाट असेल तर मी टक्केवारी आठवत बसत नाही, ओटीला फोन लावते.

भांडुपचा बाबा:
आमच्या हिला ३६व्या आठवड्यात सकाळपासून हालचाल जाणवेना. आई म्हणाली, "शेवटी जागा कमी पडते, बाळ शांत होतं." ऐकलं असतं तर! ४० मिनिटं रेघ सपाट, मधे ठोके ९०पर्यंत घसरले. तासाभरात सिझर. १ किलो ९०० ग्रॅमचं पोरगं आता तिसरीत आहे. मला धंदा वगैरे सांगू नका.

रात्रपाळी सिस्टर:
बाबा, तुमच्या आईचं वाक्य मी रोज ऐकते, आणि ते चुकीचंच आहे. लाथांचा जोर बदलेल, हालचाल कमी व्हायला नको.

लोकलमधला लटकंत्या:
तुमचं पोर वाचलं, आनंद आहे. पण तुम्ही हालचाल कमी म्हणून गेलात. मावशींची भाची ठणठणीत होती. ना बीपी, ना शुगर. तिला तो पट्टा बांधलाच कशाला?

रात्रपाळी सिस्टर:
हे मात्र खरं. ही ग्राफची पट्टी "ठीक आहे" म्हणाली तर बऱ्यापैकी भरवशाची, "ठीक नाही" म्हणाली तर निम्म्याहून जास्त वेळा खोटी. म्हणून पुढे सोनोग्राफी करतात, बाळाची हालचाल आणि त्याच्याभोवतीचं पाणी बघतात. ती केली का? आणि मावशी, नाव झाकून पहिल्या पट्टीचा फोटो टाका. कागद मिनिटाला तीन सेंटिमीटरने सोडला असेल तर एक सेंटिमीटरची सवय असलेल्या डोळ्याला चांगली रेघही सपाट दिसते.

मालाडची मावशी:
सोनोग्राफी नाही केली. आत्ताच फाइल उघडली. त्यात दुसरीच पट्टी आहे. पहिली लावलेलीच नाही.