लांब, कुरळे केस न पिंजारता कसे वाळवावेत?

मृद्गंधा

माझे केस कमरेपर्यंत लांब आणि जन्मापासून कुरळे आहेत. न्हाणे आटोपून केसांतून पाणी निथळत असते तोवर बटा अगदी रेखीव असतात. प्रत्येक बट दुसरीपासून वेगळी ओळखू येते. मात्र वाळता वाळता त्याच बटा फुटू लागतात आणि थोड्या वेळाने सगळे केस पिंजारून जातात. विशेष म्हणजे वरचा थर सर्वांत आधी बिघडतो, तर मानेजवळचा आतला थर वाळल्यावरही बऱ्यापैकी चांगला राहतो.

सध्याची माझी पद्धत अशी: केस टॉवेलने पुसून तो डोक्याला घट्ट गुंडाळते, अर्धवट वाळले की कंगव्याने गुंता काढते, आणि पूर्ण वाळल्यावर टोकांना सीरम लावते. घाई असेल तेव्हा हेअर ड्रायर वापरते, पण त्याने केस अधिकच फुलतात. शिवाय लांबीमुळे मुळांशी केस डोक्याला चिकटून बसतात आणि खाली मात्र पसरतात, त्यामुळे एकंदर आकार त्रिकोणी दिसतो.

केस वाऱ्यावर वाळवावेत की ड्रायरने, जेल किंवा क्रीम नेमके कधी लावावे, आणि मुळांशी थोडा उठाव आणण्यासाठी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. केस सरळ करून घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. मला ते कुरळेच हवे आहेत.

कुंतल

बटा ओल्या असताना रेखीव दिसतात, याचा अर्थ केसांचे वळण उत्तम आहे आणि जे काही बिघडते ते ओल्यापासून कोरड्यापर्यंतच्या मधल्या काळात बिघडते. तुमच्या पद्धतीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट नेमकी त्याच काळात घडते.

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे गंधकाचे बंध पाण्याने तुटत नाहीत, परंतु हायड्रोजन बंध पाणी लागताच सुटतात आणि पाणी उडून गेले की, त्या वेळी केस ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, पुन्हा जुळतात. अर्धवट वाळलेल्या केसांतून कंगवा फिरवला की एकत्र वळलेले केस सुटे होतात, आणि सुटा झालेला प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळून तसाच वाळतो. त्यानंतर सीरम लावल्याने चमक येते, पण विस्कटलेली बट पुन्हा बांधली जात नाही.

वरच्या थराचे कोडेही फारसे अवघड नाही. केसाचे बाह्य आवरण कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या खवल्यांचे असते. ऊन, कंगवा, उशी आणि टॉवेल यांचा सगळा मारा वरच्या थरावर होत असल्याने तेथील खवले झिजतात, उचकटतात, आणि असा केस हवेतील ओलावा लवकर शोषून फुगतो. आतला थर या सगळ्यापासून झाकलेला असतो.

आता क्रम सांगतो. गुंता न्हाताना, केसांत भरपूर कंडिशनर असतानाच काढावा. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, आणि टोकांपासून सुरुवात करून वरवर जावे. कंडिशनरमधील धनभारित रेणू झिजलेल्या, ऋणभारित जागी जास्त चिकटतात आणि घर्षण कमी करतात, त्यामुळे ओला केस ताणला जाऊन तुटण्याचा धोकाही कमी होतो. केस धुऊन झाल्यावर त्यांतून पुन्हा कंगवा फिरवायचा नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा.

त्यानंतर टॉवेलला हात न लावता, पाणी अक्षरशः ठिबकत असतानाच, लीव्ह-इन कंडिशनर (म्हणजे न धुता केसांत तसाच ठेवायचा कंडिशनर) आणि त्यावर जेल लावावे. बहुतेक जणांचा येथे धीर सुटतो, कारण ओल्या केसांना जेल लावले तर ते वाहून जाईल असे वाटते. प्रत्यक्षात पाण्यामुळेच ते सर्व केसांवर सारखे पसरते. केसांचे चार किंवा सहा भाग करावेत, जेल दोन्ही तळव्यांवर पसरून एकेक भाग तळव्यांमध्ये धरून वरून खाली हात फिरवावा आणि मग टोके ओंजळीत घेऊन टाळूच्या दिशेने हलकेच चुरावीत. चुरताना पचपच असा आवाज आला तर पाणी आणि जेल पुरेसे आहे. आवाज कोरडा, खसखसणारा आला तर जेल वाढवण्यापूर्वी ओंजळभर पाणी घालावे. सहसा कमी पडलेले असते ते पाणीच.

जास्तीचे पाणी जुन्या सुती टी-शर्टने खालून वर दाबून टिपावे. टॉवेलचे उभे धागे बटांत अडकतात आणि घासल्याने खवले उचकटतात, म्हणून तो येथे नकोच. येथून पुढे केस शंभर टक्के वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. जेल वाळताना बटांवर एक कडक कवच तयार होते. ते पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण आतली बट वाळेपर्यंत ते कवचच तिला एकत्र धरून ठेवते. केस पूर्ण वाळले की सीरमचे दोन थेंब तळव्यांवर चोळून बटा पुन्हा चुराव्यात, म्हणजे कवच मोडते आणि मऊ, सुटसुटीत बट उरते. सीरमची खरी जागा ही आहे.

धूमकेतू

कुंतल यांनी क्रम अचूक सांगितला आहे, पण कमरेपर्यंतच्या केसांच्या बाबतीत वाळवण्याच्या पद्धतीला त्यांनी दिले त्यापेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागेल. लांब केस भरपूर पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी उडून जाईपर्यंत त्याचे सगळे वजन मुळांवर ओढ देत राहते. मृद्गंधा यांना दिसणारा त्रिकोण त्यातूनच येतो: मुळे ओढलेल्या स्थितीत सपाट वाळतात आणि टोकांवर तितका भार नसल्याने ती फुलतात. एकूण लांबी एकाच रेषेत कापलेली असेल तर त्यात आणखी भर पडते.

म्हणून माझा कौल डिफ्यूजरला आहे. ड्रायरच्या तोंडावर बसणारे हे छिद्रांचे, बोटांसारखे दांडे असलेले भांडे हवेचा झोत पसरवते. उघड्या ड्रायरचा झोत बटांवर थेट आदळून त्या फोडतो. त्याने केस अधिक फुलतात ही तुमची तक्रार म्हणूनच रास्त आहे.

पहिल्या टप्प्यात डिफ्यूजर केसांना टेकवूच नये. वेग कमी, उष्णता कोमट ते मध्यम ठेवून तो केसांपासून वीतभर अंतरावर फिरवत राहावा, म्हणजे जेलचे कवच धरू लागते. बटांचा बाहेरचा भाग स्पर्शाला कडक लागू लागला की दुसरा टप्पा: ड्रायर बंद ठेवून मान एका बाजूला कलती करावी, लोंबणाऱ्या बटा डिफ्यूजरच्या भांड्यात अलगद गोळा कराव्यात, भांडे टाळूपर्यंत वर न्यावे आणि मग ड्रायर सुरू करावा. अर्ध्या-पाऊण मिनिटाने ड्रायर आधी बंद करावा आणि त्यानंतरच भांडे खाली आणावे. ड्रायर चालू असताना भांडे बटांत घातले किंवा बाहेर काढले तर झोताने आजूबाजूचे केस उडतात आणि मेहनत वाया जाते. शेवटी थोडा वेळ थंड हवा द्यावी, कारण केस गरम असताना त्याचा आकार काहीसा लवचिक असतो आणि थंड झाल्यावर तो टिकतो.

मुळांच्या उठावासाठी, जेल लावून झाल्यावर लगेच भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक पत्र्याच्या क्लिपा लावाव्यात. एक लहान बट मुळाशी चिमटीत धरून किंचित वर उचलावी आणि क्लिप मुळाशी आडवी बसवावी, जेणेकरून केसांचे वजन टाळूऐवजी क्लिपवर येईल. काढताना क्लिप दोन्ही हातांनी पूर्ण उघडून काढावी. ओढून काढल्यास तेथेच पिंजण होते.

उष्णतेविषयी एक नोंद. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरला असता केसांपाशी सुमारे ४७ अंश, १० सेंटिमीटरवर ६१ अंश आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश सेल्सिअस तापमान भरले होते. जवळून दिलेल्या उष्णतेने केसाच्या पृष्ठभागाची हानी वाढत गेली, हे अपेक्षितच होते. परंतु आपोआप वाळवलेल्या, म्हणजे दीर्घकाळ ओल्या राहिलेल्या केसांत आतील पेशींना जोडणाऱ्या थराची हानी आढळली, जी ड्रायर वापरलेल्या केसांत दिसली नाही. पुरेशा अंतरावरून, ड्रायर हलता ठेवून वाळवणे हा त्यांनी सुचवलेला मार्ग होता. ड्रायर म्हणजे नुकसानच, असे सरसकट म्हणता येत नाही, एवढे यावरून दिसते. मात्र अतिशय तापलेले उपकरण ओल्या केसांना टेकवले तर आतील पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो त्या जागी तुटतो, हेही तितकेच खरे आहे.

अबोली

धूमकेतू यांच्या पद्धतीबद्दल आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडते. त्या प्रयोगातील केसांच्या बटा वारंवार धुऊन वाळवलेल्या होत्या. आठवड्यातून एक-दोनदा न्हाणाऱ्या व्यक्तीने वाऱ्यावर वाळवण्याची धास्ती घ्यावी, असे मला त्यातून वाटत नाही. लांब केस डिफ्यूजरने पूर्ण वाळवायचे म्हणजे बराच वेळ हात वर धरून उभे राहावे लागते, आणि हात दुखू लागले की माणूस उष्णता वाढवतो. त्यापेक्षा मुळे आणि वरचा अर्धा भाग डिफ्यूजरने वाळवून उरलेली लांबी वाऱ्यावर सोडावी. आकार मुळांशी ठरतो आणि ओढही मुळांनाच बसते, त्यामुळे ती आधी वाळली की निम्मे काम होते. वाऱ्यावर वाळवताना पंख्याखाली बसणे मात्र टाळावे, नाहीतर जी मोडतोड उघड्या ड्रायरने होते तीच संथपणे होईल.

हवामानाचा मुद्दा अद्याप कोणी काढला नाही. जेल आणि लीव्ह-इन यांच्या घटकांत ग्लिसरिन पहिल्या पाच-सहा नावांत असेल, तर दमट हवेत ते बाहेरचा ओलावा केसांत ओढते आणि बटा काही वेळातच फुगतात. अशा दिवसांत ग्लिसरिन नसलेले किंवा यादीत अगदी शेवटी असलेले, पकड घट्ट देणारे जेल निवडावे. घटकांत पीव्हीपी किंवा पॉलीक्वाटर्नियम यांसारखी नावे दिसली तर ते केसांवर पातळ पापुद्रा धरणारे जेल आहे असे समजावे. जेलऐवजी नुसते क्रीम लावून दमट हवेत बाहेर पडणाऱ्यांची निराशा होते, कारण क्रीम मऊपणा देते, पकड देत नाही.

आणि थोडी पिंजण राहणारच. कपाळालगतचे नवे, आखूड केस कोणत्याच बटेत सामील होत नाहीत. त्यांना दामटण्यासाठी जेलचे थरावर थर देऊ नयेत.

मृद्गंधा

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. ठिबकणाऱ्या केसांना जेल लावण्याचा उपाय करून पाहिला आणि बटा खरोखरच एकत्र राहिल्या. दोन शंका उरल्या आहेत. कवच मोडताना खांद्यांवर कोंड्यासारखा पांढरा भुगा पडला. तो जेलचा असावा का? आणि एका रात्रीच्या झोपेनंतर सगळे सपाट होऊन गुंतते, तेव्हा रोज न्हावे लागणार का?

कुंतल

तो भुगा जेलचाच असण्याची शक्यता जास्त आहे. पुष्कळदा लीव्ह-इन आणि जेल यांचे आपसांत जमत नाही. तळहातावर दोन्हींचा एकेक थेंब घेऊन बोटाने मिसळून पाहावे: मिश्रण एकजीव आणि गुळगुळीत राहिले तर ठीक, दाणेदार होऊन फाटल्यासारखे दिसले तर त्यातील एक बदलावे. मिश्रण चांगले असूनही भुगा पडत असेल, तर जेल जास्त झाले आहे किंवा अर्धवट वाळलेल्या केसांना हात लागतो आहे.

रोज न्हाण्याची मुळीच गरज नाही. झोपताना केस कपाळाच्या वरच्या बाजूला गोळा करून साटिनच्या कापडी रबराने एकच सैल वेढा द्यावा, म्हणजे लांबी उशीखाली दाबली जात नाही; उशीचा अभ्राही साटिनचा असल्यास घर्षण कमी होते. मात्र केस पूर्ण वाळलेले असतील तरच असे बांधावेत, कारण ओले बांधले तर वेढ्याची खूण तशीच वाळून बसेल. सकाळी केस सोडून, कंगवा न लावता, नुसती मुळे बोटांच्या टोकांनी हलवून मोकळी करावीत आणि बटा आपोआप खाली येऊ द्याव्यात.

धूमकेतू

त्यात एवढीच भर घालतो की सकाळी सगळे केस ओले करू नयेत. वरच्या थरातील ज्या बटा फुटल्या असतील, तेवढ्याच पाण्याच्या फवाऱ्याने पूर्ण भिजवाव्यात, वाटाण्याएवढे जेल पाण्यात कालवून त्यांवरून तळवे फिरवावेत, हवे तर एकेक बट बोटाभोवती तिच्या मूळ वळणाच्या दिशेने गुंडाळून सोडावी, आणि तेवढाच भाग डिफ्यूजरने वाळवावा. नुसता ओलसर फवारा मारून सोडून दिलेली बट मात्र आधीपेक्षा अधिक पिंजारते.