शहीद जवानांच्या स्मारकाची निगा कशी राखावी?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा):
आमच्या गावच्या वेशीवर शहीद जवानांचे संगमरवरी स्मारक आहे. 26 जुलै (कारगिल विजय दिवस) आणि 15 ऑगस्टला तेथे हारांची रीघ लागते. एरवी आम्ही काही तरुणच झाडलोट करतो. पावसाने दगडावर काळपट शेवाळ चढले असून नावांतील रंग खपल्यांनी निघत आहे. ॲसिडने धुण्याचा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे काय?

उत्तर १:
ॲसिड मुळीच वापरू नका. संगमरवर मुळात चुनखडकापासून बनलेला असल्यामुळे आम्लाने तो झिजतो, आणि अशा खरबरीत झालेल्या दगडावर पुढच्या पावसाळ्यात शेवाळ अधिकच घट्ट बसते. दगड आधी चांगला भिजवून साध्या पाण्याने व मऊ ब्रशने घासावा. तारेचा ब्रश नकोच. रंग भरण्यापूर्वी नाव, हुद्दा व पलटण कुटुंबीयांकडून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून घ्यावी.

उत्तर २:
दादांशी सहमत. चौथऱ्याच्या भेगेत पिंपळाचे रोप असल्यास ते लहान असतानाच मुळासकट काढा. हारांतील लोखंडी तारेचे गंज-डाग शेवाळापेक्षा चिवट असतात, म्हणून सुतात ओवलेलेच हार घ्यावेत.

उत्तर ३:
तुमच्या शेजारच्या आष्टीने 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’ आंदोलनात हुतात्मे दिले आणि तेथे नागपंचमीलाच त्यांना अभिवादन होते. तुम्हीही प्रत्येक जवानाच्या स्मृतिदिनी त्याच्या घरच्यांना बोलवावे. मोठ्या समारंभात, स्पष्टच सांगतो, त्यांना मागे उभे राहावे लागते.