ठाण्याचे टॉवर आणि धंदा

‘टॉवर वाढले म्हणजे ठाण्यात धंदाही वाढला’ हे गणित मला अर्धंच पटतं. धंदा आधीही होताच की! एमआयडीसीची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, इथलीच, १९६० च्या दशकातली. टॉवर बऱ्याच ठिकाणी कारखान्यांच्याच जागेवर येताहेत. ग्लॅक्सो या औषध कंपनीची ६० एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीने ५५५ कोटींना घेतली.

आणि पाण्याचं काय? महापालिकेचं स्वतःचं धरण नाही, सगळी भिस्त भातसा नदी, स्टेम (शहाड-टेमघर पाणी योजना), एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेवर. पाणीटंचाईच्याच कारणावरून २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना चाप लावला होता. आमच्या इमारतीच्या ब्रोशरमध्ये ‘चोवीस तास पाणी’ होतं. मे महिन्यात वॉचमन वहीत टँकरचे नंबर लिहीत बसतो आणि बिल मेंटेनन्समध्ये येतं.